आटे सांभाळा: गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलताना

सोलापुरात गाडीचे स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे प्लग, बदलायची खरी वेळ सकाळी सहाची. गाडी रात्रभर उभी असावी, सकाळपासून एकदाही सेल्फ मारलेला नसावा आणि बॉनेटवर ऊन यायच्या आत काम उरकलेलं असावं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी चालवून लावलेली गाडी दोन-तीन तासांनीही आतून गरमच असते. वरून बॉनेट गार लागतं, पण हेडला, म्हणजे प्लग जिथे बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाला, हात लावला की कळतं.

घाम येईल म्हणून ही वेळ सांगत नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि प्लगची बॉडी पोलादाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि मऊही पडतं. गरम हेडमधून प्लग जोरानं काढायला गेलात तर त्याच्यासोबत हेडमधले आटे (प्लग ज्यात फिरून बसतो त्या स्क्रूसारख्या चऱ्या) खरवडून येऊ शकतात. उलट गरम हेडमध्ये नवा गार प्लग आवळला, तर हेड थंड होताना त्याला असं धरून ठेवतं की पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. साधा प्लग दोन-अडीचशे रुपयांच्या आत येतो. हेडचे आटे गेले की बिल हजारांत जातं. म्हणून खाली जे काही सांगितलंय, झाडझूड असो, रबरी नळी असो की अर्धा फेरा असो, ते सगळं त्या दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या आट्यांसाठी आहे. बाकी काम कुणालाही जमेल.

डिझेल गाडीवाल्यांना हा लेख उपयोगाचा नाही. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. तिथे असतो तो ग्लो प्लग, त्याचं काम वेगळं आणि खोलायची पद्धतही वेगळी.

प्लग नेमका झिजतो कसा

प्लगच्या टोकाला दोन धातूचे तुकडे असतात. मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकलेला बाजूचा इलेक्ट्रोड. दोघांमध्ये साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरची फट, तिला सगळे गॅप म्हणतात. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून काही हजारांवर जातात, कधी वीस-पंचवीस हजारांवरही. तेवढ्या दाबानं वीज त्या फटीवरून उडी मारते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. मधलं पांढरं चिनी मातीसारखं दिसतं ते ही वीज बॉडीकडे पळू नये म्हणून असतं.

ही उडी किती वेळा होते त्याचा हिशेब करा. सोलापूर ते पुणे अंदाजे अडीचशे किलोमीटर. साडेचार तास लागले आणि इंजिन सरासरी मिनिटाला २५०० फेऱ्यांवर चाललं असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला १२५०. एका बाजूच्या प्रवासात एकेका प्लगनं ३,३७,५०० ठिणग्या टाकल्या. प्रत्येक ठिणगी धातूचा कणभर अंश खाते. इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोल होतात, फट वाढते. फट वाढली की उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते पुरवायचं ओझं कॉइलवर येतं. प्लग जुने ठेवून पैसे वाचवणाऱ्याची कॉइल जाते ती अशी, आणि एका कॉइलच्या किमतीत साध्या प्लगचे कित्येक सेट येतात.

साध्या निकेल टोकाच्या प्लगचं आयुष्य ढोबळमानानं ३० ते ४० हजार किलोमीटर. प्लॅटिनम किंवा इरिडियम टोकाचे ६० हजारांपासून एक लाखापर्यंत जातात, कारण हे धातू फार उशिरा झिजतात. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, शेवटचा शब्द त्याचा. गाडी सीएनजीवर चालत असेल तर मात्र लांबचा आकडा धरू नका. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, प्लग लवकर झिजतो आणि झिजलेला प्लग पेट्रोलवर चालतो पण गॅसवर टाकताच गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरात मधूनच मिश्रण पेटत नाही. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर झटके, अशी तक्रार असली की गॅस किटला हात लावायच्या आधी प्लग काढून बघावेत.

आणखी खुणा सांगायच्या तर: सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागणं, सिग्नलला उभं असताना गाडी थरथरणं, पुलावर चढताना पिकअप न मिळणं, अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरणं. एखादा सिलिंडर पूर्ण बंद पडला तर चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. सतत पेटलेला दिवा आणि लुकलुकणारा दिवा यात फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. तशीच गाडी तुळजापूरपर्यंत रेटली तर कन्व्हर्टर वितळू शकतो. गाडी बाजूला घ्यावी.

कोणता प्लग घ्यायचा

गाडीच्या पुस्तकात दिलेला नंबर, अक्षर न अक्षर तोच. "त्याच्यासारखाच आहे, बसतो" या वाक्यावर विसंबू नका. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

नंबरात काय दडलंय ते कळलं की दुकानात फसायला होत नाही. उदाहरणार्थ एनजीके कंपनीचा बीपीआर६ईएस. पहिलं अक्षर बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि पाना बसतो ती षटकोनी बाजू २०.८ मिलिमीटरची. पी म्हणजे टोक जरा बाहेर आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर. तो नसला की रेडिओत खरखर येते आणि गाडीच्या कॉम्प्युटरला त्रास होतो. ६ हा उष्णतेचा क्रमांक. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटी -११ असं लिहिलेलं असेल तर गॅप १.१ मिलिमीटर.

आट्यांची लांबी चुकली तर नुकसान दोन्हीकडून. आखूड प्लग घातला तर हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यात कार्बन भरतो आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग शेवटपर्यंत जात नाही. लांब घातला तर तो आत डोकावतो आणि पिस्टनला लागू शकतो.

उष्णतेच्या क्रमांकाबद्दल आपल्याकडे एक ठाम गैरसमज आहे: सोलापूरचं ऊन जास्त, म्हणून "थंड" प्लग घालावा. तसं काही नाही. गरम किंवा थंड प्लग म्हणजे आतली उष्णता हेडकडे किती लवकर वाहून नेतो एवढंच. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरच्या आतली ज्वाळा दोन हजार अंशांच्या पुढची, तिच्यापुढे बाहेर चोवीस आहे की चव्वेचाळीस याला किंमत नाही, आणि कूलंट हेडचं तापमान नव्वदच्या आसपास धरून ठेवतोच. ऊन बघून थंड प्लग घातलात तर गल्लीबोळातल्या चालवण्यात तो काजळीनं भरेल, बस. शिवाय आकड्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीत सारखा नसतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉश आणि चॅम्पियनमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर त्यांच्या तक्त्यातून, नुसता आकडा जुळवून नाही.

डुप्लिकेट प्लग बाजारात असतात, विशेषतः इरिडियमचे, कारण तिथे फायदा जास्त. चिनी मातीवरची छपाई पुसट, आटे खडबडीत, वॉशर हातानं सहज निघून पडणारा, चार प्लगचे गॅप चार तऱ्हेचे, असं दिसलं तर परत करा. इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड सुईसारखा बारीक असतो, अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. जाड दिसला तर तो इरिडियम नाही. पुस्तकात साधा प्लग दिलेला असेल तर हौसेनं इरिडियम घालून गाडी पळायला लागत नाही. जास्त दिवस टिकेल इतकंच. पुस्तकात इरिडियम दिलेला असेल तर मात्र साधा घालू नका.

किती घ्यायचे? सिलिंडर तितके प्लग, म्हणजे तीन किंवा चार. अपवाद आहेत. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात दर सिलिंडरला दोन, म्हणजे आठ प्लग लागतात आणि त्यातली एक रांग मागच्या बाजूला असते. सेट पुरा बदला. एक नवा, तीन जुने असं करू नका.

हत्यारं

प्लगची गोटी (सॉकेट) लागेल. नव्या गाड्यांना बहुधा १६ किंवा १४ मिलिमीटरची, जुन्यांना २०.८ ची. आतून रबर किंवा चुंबक असलेली घ्या, म्हणजे प्लग हेडमधल्या ज्या खोल खड्ड्यात बसतो त्यातून तो धरून वर येतो. रबरवाली असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: नवा प्लग बसवल्यावर रबर प्लगला इतकं घट्ट धरतं की वर ओढताना एक्स्टेन्शन हातात येतं आणि गोटी खड्ड्यात राहते. गोटी आणि एक्स्टेन्शनच्या जोडावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, प्रश्न मिटला.

रॅचेट तीन सुताचा (३/८ इंची) पुरतो. चार सुताच्या लांब दांड्याला हाताचा जोर कळत नाही. एक्स्टेन्शन सहा ते दहा इंचांचं, कॉइलच्या बोल्टसाठी १० ची गोटी, गॅप मोजायला तारेचं गेज, एक फूटभर रबरी नळी जी प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल, आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच आवळू देणारा पाना) असेल तर उत्तम. नसेल तरी काम होतं, त्याची रीत पुढे आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण खड्ड्यातली धूळ हवेनं थेट तोंडावर उडते.

फेंडरवर टाकायला जुनी सोलापुरी चादर झकास. जाड असते, पट्ट्याचं बक्कल रंगाला लागत नाही. टॉवेलचं मात्र उलट. नव्या टर्किश टॉवेलचे धागे सुटतात आणि उघड्या प्लग-होलभोवती सुटे धागे नकोत. पुसायला जुनं धुवट सुती कापड घ्या.

उघडणं

किल्ली काढून खिशात ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली तर चांगलंच, पण काही गाड्यांमध्ये रेडिओचा कोड आणि घड्याळ जातं, ते आधी बघून घ्या. वरचं प्लास्टिक कव्हर काढा. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा त्याची नळी आडवी येते, तीही सोडवा आणि तोंड कापडानं झाका. आणि प्लगवर अख्खा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) बसलेला दिसला, तर चादर गुंडाळून ठेवा. ते काम पॅकिंगसह गॅरेजमध्येच करायचं.

प्रत्येक प्लगवर एक कॉइल उभी असते. आधी तिचा कनेक्टर. त्याला छोटं प्लास्टिकचं कुलूप असतं. अंगठ्यानं दाबून कनेक्टरचीच बॉडी ओढायची, वायर कधीच नाही. चार-पाच उन्हाळे पाहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. ते मोडलं तर कनेक्टर हलत राहतो आणि चालत्या गाडीत मिसिंग येतं, जे शोधायला मेकॅनिकचा अख्खा दिवस जातो. म्हणून इथे हळू. मग १० चा बोल्ट काढून कॉइल डावी-उजवी थोडी फिरवा, चिकटलेलं रबर सुटतं, आणि सरळ वर ओढा. जुन्या गाडीत कॉइलऐवजी जाड प्लग-वायरी असतील तर एका वेळी एकच काढा. अदलाबदल झाली की गाडी फटफट आवाज करत मागे फटाके फोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सोलापूरची धूळ. काळ्या मातीची बारीक भुकटी, उन्हाळ्यातल्या वावटळीची, उसाच्या ट्रॉल्यांमागून उडालेली, ती सगळी प्लगच्या खड्ड्यात तळाशी जाऊन बसलेली असते. प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन-रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. त्यामुळे प्लगला पाना लावायच्या आधी खड्ड्यात पंपानं हवा मारा. मग प्लग फक्त एक फेरा सैल करा आणि पुन्हा हवा मारा, कारण आट्यांच्या तोंडाशी अडकलेली रेती आत्ता सुटते. त्यानंतरच पूर्ण काढा. तोंडानं फुंकू नका, धूळ डोळ्यांत जाते आणि थुंकी खड्ड्यात.

खड्ड्यात तेल दिसलं तर ते कापडानं टिपून घ्या आणि मनात नोंद करा: टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा प्लग-ट्यूबचं सील गेलंय. नवे प्लग घातले तरी ते तेल कॉइलचं रबर फुगवून टाकेल, तेव्हा पॅकिंगही लवकर बदला. पाणी दिसलं तर वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याची ती करामत. इंजिन धुतल्यावर लगेच गाडी तीन सिलिंडरवर चालायला लागली तर पहिला संशय इथे घ्यावा.

प्लग सैल करताना पहिला कट असा आवाज येतो, मग तो बोटांनी फिरायला हवा. दोन फेऱ्यांनंतरही जड जात असेल किंवा करकरत असेल तर थांबा. जोर लावणं हा इथला महागडा मोह आहे. तळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब टाका, अर्धा तास, जमलं तर रात्रभर ठेवा, मग पाव फेरा सैल, अष्टमांश फेरा परत घट्ट, असं मागे-पुढे करत काढा. तेवढ्यानंही हलला नाही तर इंजिन थोडंसं कोमट करून बघतात, अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगून पकड ढिली होते. कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतकंच. तेही जमलं नाही तर प्लग परत बसवून गाडी मेकॅनिककडे न्या.

निघालेले प्लग काय सांगतात

निघालेले प्लग क्रमानं ठेवा. अंड्याच्या ट्रेमध्ये किंवा पुठ्ठ्याला भोकं पाडून, खाली १, २, ३, ४ लिहून. चौघांची तुलना महत्त्वाची आहे, एकट्या प्लगवरून निष्कर्ष काढू नये.

टोक बदामी किंवा करडं, कोरडं असेल तर इंजिन ठीक. पांढऱ्या चिनी मातीवर, लोखंडाच्या कडेला लागून तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका. तो गॅस गळल्याचा डाग नसतो, उच्च व्होल्टेजनं तेलाचे कण तिथे ओढले जातात, एवढंच.

चारही प्लग कोरड्या काजळीनं काळे असतील तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. आपल्याकडे पहिलं कारण एअर फिल्टर. धुळीच्या रस्त्यावरच्या गाडीला पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावरच तो बदलावा लागतो. दुसरं कारण म्हणजे गाडी रोज घर ते नवी पेठ, नवी पेठ ते घर अशी दोन-तीन किलोमीटरच चालते, टोक कधी पुरतं तापतच नाही. एकच प्लग काळा आणि बाकी स्वच्छ, तर त्या सिलिंडरची कॉइल किंवा इंजेक्टर तपासा. सोपी चाचणी: ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर घाला. मिसिंग तिच्यासोबत गेलं तर दोष कॉइलचा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या पाचशे-सातशे रुपयांच्या स्कॅनरवर पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचं. कोड ०३०२ वरून ०३०३ वर सरकला की गुन्हेगार सापडला.

टोक ओलं, काळं, तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. वरून आलं तर व्हॉल्व्हचे सील, खालून आलं तर रिंगा. प्लग बदलून हा आजार बरा होत नाही, चार महिने दबतो.

टोक खडूसारखं पांढरंफटक, त्यावर फोड, इलेक्ट्रोडच्या कडा वितळलेल्या, असं असेल तर ते गंभीर आहे. मिश्रण फार पातळ, कूलंट कमी, चुकीच्या क्रमांकाचा प्लग किंवा प्लग सैल राहिलेला. नवा प्लग घालून गाडी चालवायच्या आधी कारण शोधा, नाहीतर पुढची पाळी पिस्टनची. लालसर थर मात्र बहुधा पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांचा असतो. त्या बंद करा.

जुने प्लग घासून परत घालावेत का? निकेलचे, अर्ध्या आयुष्यातले, अडचणीत असाल तर पितळी ब्रशनं हलके पुसून घालता येतात. वाळूच्या मशीनमध्ये साफ करून घेऊ नका, वाळूचे कण चिनी मातीच्या फटीत अडकतात आणि इंजिनात जातात. इरिडियमला ब्रश लावूच नका.

बसवणं

नव्या प्लगचा गॅप मोजा. "कंपनीतून सेट करूनच येतात" हे खरं, पण डब्यातून हातात येईपर्यंत तो किती वेळा पडलाय हे कुणाला माहीत? तारेचं गेज फटीतून हलकं घासत गेलं की बरोबर. निकेल प्लगचा गॅप फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हळूच वाकवून जमवायचा, मधल्यावर कधी दाब द्यायचा नाही. इरिडियमचा गॅप चुकला असेल तर दुकानात बदलून घ्या. हातातून प्लग शहाबादी फरशीवर पडला तर तोही बाद. वरून काही दिसत नाही, पण आत चिनी मातीला केसाएवढा तडा जातो आणि वीज तिथून पळते.

आता रबरी नळी. ती प्लगच्या वरच्या टोकावर घाला, प्लग खड्ड्यात सोडा आणि तो तळाला टेकला की आधी उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, हळू फिरवा. एका क्षणी प्लग किंचित खाली पडल्यासारखा जाणवतो. आट्याला आटा मिळाला. आता सुलटा फिरवा. नळीचा फायदा हा की आटा तिरका चढायला लागला तर नळीच प्लगवर घसरते, जोर बसतच नाही. रॅचेटनं पहिला फेरा देणाऱ्याला हे कळत नाही, तो पोलादानं अ‍ॅल्युमिनियममध्ये नवे तिरके आटे पाडून मोकळा होतो. पाच-सहा फेरे नळीनंच गेले पाहिजेत. दोन फेऱ्यांत अडला तर काढा, आटे पुसा, पुन्हा.

प्लग तळाला टेकला की मग गोटी. टॉर्क रेंच असेल तर पुस्तकातला आकडा लावा. साधारणपणे अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाला १४ मिलिमीटरचा प्लग २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरचा १५ ते २०, १० मिलिमीटरचा १० ते १२. रेंच नसेल तर कोनाचा हिशेब: वॉशरवाला नवा १४ मिलिमीटरचा प्लग बोटांनी टेकल्यापासून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. १२ किंवा १० मिलिमीटरच्या प्लगला कोन वेगळा, त्याच्या खोक्यावर कोनाचं चित्र छापलेलं असतं, तेच पाळा. वॉशर या फेऱ्यात चपटा होतो, हाताला ते मऊ दबणं जाणवतं. तोच प्लग पुन्हा काढून घालत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा बाराव्या भागाचा फेरा, म्हणजे घड्याळात एक तास, पुरतो. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बुडाच्या प्लगला सोळाव्या भागाचा फेरा.

सैल राहिला तर? प्लगची उष्णता त्या बुडातूनच हेडमध्ये जाते. नीट टेकला नाही की टोक तापतं आणि सिलिंडरचा दाबही गळतो. जास्त आवळला तर बॉडी ताणली जाते, आतली चिनी माती सुटते आणि आटे गेले तर गेलेच.

आट्यांना ग्रीस, ऑइल किंवा कॉपर पेस्ट लावायची जुनी सवय सोडा. आजच्या प्लगच्या आट्यांवर कारखान्यातच लेप असतो आणि टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांचे असतात. ग्रीस लावलं की घर्षण कमी होऊन त्याच आकड्याला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. ग्रीस लावायचंच तर कॉइलच्या रबराच्या आत, तोंडाशी, सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस मुगाएवढं. पुढच्या वेळी रबर फाटत नाही.

कॉइल सरळ दाबा, खाली प्लगवर बसल्याचं जाणवतं. बोल्ट हलका आवळा. तोही अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकमध्ये जातो, मनगटाचा जोर पुरे. कनेक्टर टक असा आवाज येईपर्यंत. एअर फिल्टरची नळी, तिची क्लिप, आणि चादरीवर एखादी गोटी किंवा बोल्ट उरलाय का ते मोजा.

सुरू केल्यावर

पहिल्या सेल्फला गाडी लागायला हवी. दोन मिनिटं तशीच चालू द्या. थरथर असेल तर बहुतेकदा एखादा कनेक्टर पुरता बसलेला नसतो. बंद करून चारही दाबून बघा. फुस-फुस किंवा टिक-टिक असा आवाज इंजिनाच्या वेगासोबत वाढत असेल तर प्लग सैल आहे. तो तसाच गरम इंजिनात आवळू नका, गार होऊ द्या.

आटे खरंच गेले, प्लग फिरतच राहतोय आणि आवळला जात नाही, अशी वेळ आलीच तर गाडी सुरू करू नका. सिलिंडरचा दाब प्लगला कॉइलसकट वर फेकू शकतो. गाडी टो करून न्या. आटे थोडेच दुखावले असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात. पुरते गेले असतील तर भोक मोठं करून आत पोलादी गुंडाळी किंवा बुश बसवतात. हेड खाली उतरवून, मशीनवर, नीट सरळ बसवलेला बुश कायमचा टिकतो. हेड न उतरवता घाईत केलेलं काम करायचं असेल तर निदान धातूचा चुरा सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून टॅपला ग्रीस लावलंय का, ते समोर उभं राहून बघा.

किलोमीटरचा आकडा आणि तारीख कागदी टेपवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. आठवडाभरानं, पुन्हा गार इंजिनावर, कॉइलचे बोल्ट आणि कनेक्टर एकदा हातानं चाचपा. प्लगना हात लावायची गरज नाही.